सात इंचांची उशी आणि रात्रीचा खोकला

घाईत असाल तर एवढंच वाचा: ऑनलाइन मागवलेल्या उतरत्या उशीला पाचपैकी दोन, आणि इथंच बेळगावात गादीवाल्याकडून मापानं करून घेतलेल्या उशीला साडेचार. ज्यांना रात्री दोन वाजता घशात आंबट येऊन उठून बसावं लागतं त्यांनी पुढचंही वाचावं. त्या वेळी त्यांना दुसरं काम नसतंच.

माझा शहापुरात मिरचीचा डंक आहे, म्हणजे मिरची कांडायची गिरणी. सासऱ्यांनी सुरू केलेला, आता मी बघते. मालक, म्हणजे माझे यजमान, उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, त्यांना मिरचीचा वास सहन होत नाही. फेब्रुवारी सरता सरता आमचा सीझन लागतो तो मृगाचा पाऊस येईपर्यंत. वर्षाची चटणी करायला बायका रिक्षानं पोती घेऊन येतात. चटणी म्हणजे आमच्याकडं तिखट. शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची असेल तर तसं नाव घेऊन सांगावं लागतं. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि ज्यांच्या घरात जेवताना घाम फुटल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यांची मूठभर लवंगी. सीझनला सकाळी साताला शटर वर जातं आणि रात्री नवाला खाली येतं. दुपारचं जेवण चारला, उभ्यानं. रात्रीचं साडेदहाला, आणि अकराला पाठ टेकली की झोप. मधल्या वेळात चहा. किती चहा, ते मी कधी मोजलं नव्हतं. पोटाच्या डॉक्टरांनी मोजायला लावलं तेव्हा सात निघाले.

तर मला खोकला लागला. मिरचीच्या डंकावर बसणाऱ्या बाईला खोकला लागला तर त्याचं कारण कोण शोधणार? शेजारच्या अक्का म्हणाल्या, "डंक सोडा ओ आता, काय होऊलालंय बघा तुमाला." घरच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ. मी तोंडाला दुहेरी पदर बांधायला लागले, मग मास्क, मग मास्कवर पदर. एक पोरगा कामाला वाढवला आणि स्वतः गल्ल्यावर बसले. खोकला तसाच.

दीड वर्षानं माझ्या डोक्यात उजेड पडला तो असा. मे महिन्यातल्या एका दुपारी दुकानात सात-आठ बायका होत्या आणि लवंगीची कांडणी चालली होती. सगळ्या शिंकत होत्या, खोकत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि मी मजेत पावत्या फाडत होते. मला दिवसा खोकला येतच नव्हता! येत होता तो रात्री, दीड-दोनला, मिरचीपासून अर्धा किलोमीटर लांब, स्वच्छ चादरीवर. आधी घशात काहीतरी गरम सरकल्यासारखं व्हायचं, मग तोंडात आंबट पाणी, मग खोकल्याची उबळ. सकाळी आवाज फाटलेला, दात आंबलेले, आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं दिवसभर खाकरणं. गिऱ्हाइकं विचारायची, "सर्दी झाली काय?"

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून बघितलं. आवाजाची पेटी मागच्या बाजूनं लाल होती. ते म्हणाले, "मावशी, हे वरून येत नाही, खालून येतंय." मला ते वाक्य कळायला दोन मिनिटं लागली. वरून म्हणजे नाकातोंडातून, मिरचीची धूळ. खालून म्हणजे पोटातून.

इथं जरा थांबून आपल्या एका शब्दावर बोलायचंय, कारण त्या शब्दानं माझं दीड वर्ष खाल्लं असं माझं मत आहे. पित्त. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांध्या उठल्या, पित्त उठलं. सकाळी मळमळलं, पित्त. जेवल्यावर छातीत जळलं तरी पित्तच. खरं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस, तो पित्ताशयात साठतो. माझ्या घशाला येत होतं ते जठरातलं आम्ल. निपाणीच्या माझ्या बहिणीलाही "पित्त" होतं. तिच्या जठरात जखम निघाली, एच. पायलोरी नावाच्या जंतूमुळं, आणि जंतू मारायच्या गोळ्यांचा कोर्स घेतल्यावर ती बरी झाली. जठरातली जखम जंतूमुळं होते हे लोकांना पटेना म्हणून बॅरी मार्शल नावाचा ऑस्ट्रेलियातला डॉक्टर १९८४ मध्ये स्वतःच तो प्याला आणि आजारी पडला. पुढं २००५ मध्ये त्याला आणि त्याच्या जोडीदाराला नोबेल मिळालं. माझ्यात तो जंतू नव्हता. बहिणीच्या गोळ्यांची चिठ्ठी तिनं मला व्हॉट्सॲपवर पाठवली होती, "तूपण घे" म्हणून. घेतली नाही ते बरं. दोघींचं पित्त एकाच नावाचं, आतला आजार वेगळा.

पोटाच्या डॉक्टरांकडं गेले ते टिळकवाडीत. तिथल्या सिस्टरनं आधी कन्नडमध्ये विचारलं, "एदी उरीतैतेन्री?" म्हणजे छाती जळते काय. मी म्हटलं जळत नाही, नुसता खोकला. तिनं मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. छातीत न जळताही हा आजार असतो हे मला तेव्हाच कळलं. मग दुर्बीण घालून तपासणी झाली. रात्रीपासून उपाशी, घशात बधिर करायचा फवारा, डाव्या कुशीवर झोपवलं, पाचेक मिनिटांत आटोपलं. ज्यांना भीती वाटते त्यांना सांगते, दातांच्या डॉक्टरकडं जास्त त्रास होतो. रिपोर्टवर "ग्रेड ए" लिहिलेलं बघून मालक म्हणाले, "बघ, पहिल्या वर्गात पास." ए म्हणजे अन्ननलिकेत अगदी लहान, पाच मिलिमीटरपेक्षा मोठे नसलेले ओरखडे; यात ए सगळ्यात सौम्य आणि डी सगळ्यात वाईट. शिवाय लहानसा हायटस हर्निया. म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला अन्ननलिका जायला जे भोक असतं त्यातून जठराचा वरचा काठ थोडा वर सरकलेला.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मला ते माझ्या भाषेत असं समजलं: उखळाला झाकण आहे, झाकण सैल झालंय. उखळ उभं आहे तोवर काही सांडत नाही. आडवं केलं की सांडतं. आणि मी रोज रात्री साडेदहाला उखळ काठोकाठ भरून अकराला आडवं करत होते.

औषधाचं थोडक्यात सांगते, कारण हे उशीचं परीक्षण आहे. पण औषधाशिवाय उशीचं पुरं होत नाही. पॅन्टोप्राझोल ४० मी आधीपासूनच घेत होते, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून, रात्री जेवल्यानंतर. डॉक्टर हसले. ही गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. जेवण आलं की जठरातले आम्लाचे पंप चालू होतात. गोळी त्याआधी रक्तात पोहोचलेली पाहिजे, तरच ती चालू पंप बंद करते. जेवून, झोपताना घेतली की पंप आपले निवांत आणि गोळी पण निवांत. म्हणजे वर्षभर मी पैसे देऊन अर्धी गोळी खात होते. मग त्यांनी विचारलं आणखी काय काय घेता. गुडघ्याला दुखतंय म्हणून सीझनमध्ये रोज एक वेदनाशामक; ती बंद केली, कारण ती जठराच्या अस्तरालाच लागते. बीपीला ॲम्लोडिपिन, ही गोळी काही लोकांत ते झाकण आणखी सैल करते, म्हणून घरच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी ती बदलली. स्वतःहून बीपीची गोळी बंद करू नका हं, मी केली नाही. आणि सोड्याच्या पुड्या. त्या मी दिवसाला दोन प्यायचे. ढेकर येतो, बरं वाटतं, अर्ध्या तासात होतं तसंच. वर त्यात सोडियम, म्हणजे बीपीवाल्या बाईनं मीठ पिण्यातलाच प्रकार.

गोळी नीट वेळेवर सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत आंबटपणा गेला. खोकला निम्मा झाला, पण गेला नाही. तोंडात पाणी यायचंच, फक्त आता ते आंबट नव्हतं, फिकं होतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, गोळी आम्ल कमी करते, झाकण घट्ट करत नाही. वर यायचं ते येणारच. ते अडवायला उतार पाहिजे. पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच वर घ्या.

आता उशीकडं येते.

पहिली चूक सगळे करतात ती मीही केली: तीन उशा एकावर एक. यानं मान वर जाते आणि माणूस पोटात वाकतो. वाकलं की पोट दाबलं जातं आणि दाबलं की आणखी वर येतं. चार रात्री केलं, खोकला वाढला, वर मान धरली.

दुसरा उपाय विटांचा. सगळ्यात स्वस्त, आणि डॉक्टर खरं तर हाच सांगतात: पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा. आमचा पलंग सागवानी, सासूबाईंच्या लग्नातला. दोन माणसं बोलावून उचलला, विटा घातल्या. मला बरं वाटलं. खरं मालक उंचीनं जास्त, रात्रभर खाली सरकत जायचे आणि पहाटे त्यांचे पाय पलंगाबाहेर. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी काय घसरगुंडीवर झोपू? पित्त तुला आहे का मला?" आठवड्यानं एक वीट चिरली आणि पलंग मध्यरात्री एका अंगाला बसला. विटा गेल्या. ज्यांचा एकट्याचा पलंग आहे, त्यांनी मात्र उशीच्या फंदात पडू नये. लाकडाचे ठोकळे सुताराकडून करून घ्या, मधे पाय बसायला खळगा पाडून.

मग पुण्याच्या लेकानं ऑनलाइन उशी पाठवली. २,१४९ रुपये. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशा दहा कंपन्यांच्या उशा दिसायला एकसारख्याच आहेत. त्रिकोणी फोम, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, उंच टोक बारा इंच. खोक्यातून काढल्यावर रबराच्या कारखान्यासारखा वास; गच्चीवर आठ दिवस वाळवली तेव्हा कुठं घरात आणण्यासारखी झाली. फोटोतली बाई त्यावर झोपून हसत असते. ती झोपलेली नाही, बसलेली आहे, हे मला उशी आल्यावर कळलं. दोन फुटांत बारा इंच म्हणजे फुटाला सहा इंचांचा चढ. त्यावर माणूस झोपत नाही, टेकतो. उशीचा खालचा काठ माझ्या कमरेच्या बराच वर यायचा, त्यामुळं शरीर नेमकं पोटापाशी दुमडायचं, म्हणजे तीन उशांचाच प्रकार, फक्त २,१४९ रुपयांत. वरची खोळ पॉलिस्टरची, गुळगुळीत. एकच्या सुमारास मी पूर्ण खाली सरकलेली असायचे आणि उशी डोक्याच्या वर भिंतीला टेकून उभी, देवळीसारखी. मे महिन्यात पाठ घामानं भिजायची ती वेगळीच. कुशीवर वळलं की खांदा खचायचा.

दोन गुण कशाचे? एक, ज्या रात्री मी त्यावर टिकले त्या रात्री खोकला आला नाही. म्हणजे कल्पना बरोबर होती, माप चुकीचं होतं. दुसरा गुण खोळीच्या चेनचा. चेन चांगली होती. परत पाठवायला गेले तर "उशी वापरलेली आहे" म्हणून घेतली नाही. वापरल्याशिवाय उशी कशी तपासायची ते त्यांनाच माहीत.

शेवटी गेले खडेबाजारच्या बाजूला गादीवाल्या मामांकडं. पिढ्यान् पिढ्या पिंजाऱ्यांचं घर, आता कापूस कमी आणि फोम जास्त. माझ्या लग्नातल्या गाद्या यांच्याच वडिलांनी भरलेल्या. मी ऑनलाइन उशी काखेत मारून नेली होती. मामांनी ती हातानं दाबली, उलटी केली, पुन्हा दाबली आणि म्हणाले, "अक्का, ही पाठीला टेकायची आहे, झोपायची नव्हं." मग मला त्यांनी दुकानातल्या गादीवर झोपायला सांगितलं. भर बाजारात, दुपारी बारा वाजता. मी लाजले, त्यांनी बायकोला आतून बोलावलं, मग झोपले. त्यांनी टेपनं डोक्यापासून कमरेपर्यंत मोजलं: तीस इंच. म्हणाले उतार एवढ्या लांबीचा पाहिजे, म्हणजे वाकायची जागा कमरेशी येते, पोटाशी नाही. उंची किती? डॉक्टरांचे सहा ते आठ मी सांगितले, मधलं सात धरलं. तीस इंचांत सात, म्हणजे फुटाला पावणेतीन इंचांच्या आसपास. पहिल्या उशीच्या निम्म्याहून कमी चढ. बघायला गेलं तर उतार आहे असं वाटतच नाही.

खाली रिबॉन्डेड फोम, तो दगडासारखा, दबत नाही. वर दोन इंच चाळीस डेन्सिटीचा मऊ. पूर्ण मऊ घेतला असता तर महिन्याभरात सात इंचांचे चार झाले असते, असं मामांचं म्हणणं. खोळीला त्यांच्याकडं रेक्झिन होतं, ते नको म्हटलं. घरात सासूबाईंचं जुनं शहापुरी सुती लुगडं होतं, विरलेलं, पण पदराकडचा भाग चांगला. त्याची खोळ शिवली. सुती कापड अंगाला धरतं, घसरू देत नाही. आणि उशीच्या खालच्या काठाला मामांनी आपण होऊन एक कापसाची लोड शिवून दिली, हाताच्या मनगटाएवढी जाड, ती मांड्यांच्या वरच्या अंगाला येते आणि माणूस खाली जात नाही. ही लोड कुठल्याच कंपनीच्या उशीला मी बघितली नाही. फोम ११५०, शिलाई २५०, लोडीचे पैसे घेतले नाहीत. एकूण १,४०० रुपये, आणि एका दिवसात हातात.

पहिल्या चार रात्री कमरेत अवघडल्यासारखं झालं. पाचव्या रात्री मी दोन वाजता उठले ते खोकल्यानं नाही, सवयीनं. उठून बसले, वाट बघितली, काही आलं नाही, परत झोपले. मालकांच्या बाजूला सपाट गादी, माझ्या बाजूला उतार, भांडण नाही.

एक बदल मात्र करावा लागला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी कायम उजव्या कुशीवर झोपायचे, भिंतीकडं तोंड करून. डॉक्टर म्हणाले डावी कूस धरा. जठर शरीरात डाव्या बाजूला फुगलेलं असतं. डाव्या कुशीवर झोपलं की आतलं पाणी खालच्या खोलगटात राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर उलट, तोंड पाण्याखाली. म्हणून आम्ही पलंगावरच्या जागा बदलल्या. मालक महिनाभर चुकून जुन्या जागेवर येऊन उशीवर आडवे व्हायचे आणि "हे काय डोंगर" म्हणायचे. गंमत म्हणजे आपल्याकडं वामकुक्षी हा शब्दच डाव्या कुशीचा आहे. आजोबा जेवल्यावर डाव्या कुशीवर लवंडायचे ते उगीच नव्हतं. अर्थात डॉक्टरांचा जेवल्यावर लवंडण्यालाच विरोध आहे, वाम असो की दक्षिण. तीन तास थांबा म्हणतात.

ते तीन तास मला सगळ्यात जड गेले. उशीपेक्षा, गोळीपेक्षा. सीझनला नवाला शटर पडल्यावर आठाला जेवण कसं करायचं? तोडगा असा काढला की रात्रीचं खरं जेवण सात वाजता डंकावरच, डब्यातून: जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, आमटी कमी तिखटाची. नवानंतर घरी फक्त ताक-भात, दोन घास, आणि तेही नको झालं तर नाही. पहिले काही दिवस गिऱ्हाइकांसमोर जेवायला लाज वाटली. आता बायका म्हणतात, "जेवा जेवा, आम्ही थांबतो." पोती सोडून बसतात आणि त्यांच्या त्यांच्या पित्ताच्या गोष्टी सांगतात.

तिखटाचं विचाराल, कारण सगळे तेच विचारतात. मिरची विकणाऱ्या बाईला मिरची बंद काय? पूर्ण बंद नाही. डॉक्टरांनी यादी दिली नाही; म्हणाले वही ठेवा, काय खाल्लं आणि रात्री काय झालं ते लिहा. वहीत असं निघालं की संकेश्वरीची भाजीतली चटणी मला सोसते, तळलेलं सोसत नाही. रविवारचं गिरमिट, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, चालतं, बरोबरची मिरची भजी नाही. कुंदा चमचाभर चालतो, वाटीभर नाही, कारण तूप. सकाळचा रिकाम्या पोटी चहा सगळ्यात वाईट. तो गेला, बाकी सातावरून तीनवर आले. तुमची वही वेगळी निघेल. शेजारच्या अक्कांना टोमॅटोनं होतं, मला टोमॅटोनं काही होत नाही.

आणि म्हाई, म्हणजे देवीच्या नावानं मटणाची पंगत. येळ्ळूरच्या पाहुण्यांकडं म्हाईचं जेवण होतं, तांबडा रस्सा, मटण, रात्री दहाला पंगत. नको म्हणायला माझ्यात धीर नव्हता. त्या रात्री उशी, लोड, लुगडं, डावी कूस, काही उपयोगी पडलं नाही. तीनपर्यंत खुर्चीत बसून होते. उशीचा दोष नाही. काठोकाठ भरलेलं उखळ थोडं तिरपं ठेवलं तरी सांडायचंच.

आणखी एक फजिती सांगते. आठ आठवडे झाले, बरं वाटायला लागलं, आणि शिवजयंतीच्या चित्ररथाच्या गर्दीत दोन दिवस गोळी विसरली. मग म्हटलं आता कशाला, उशी आहे की. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत असं पेटलं की आजार पहिल्यापेक्षा वाढला असं वाटलं. ही गोळी बरेच दिवस घेऊन एकदम सोडली की जठर काही काळ उलट जास्त आम्ल करतं. डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आणि मग हळूहळू उतरवली: आधी वीसची, मग एक दिवसाआड, आणि त्रास झालाच तर जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध, जे जठरातल्या रसावर तरंगणारा थर धरतं. आता गोळी बंद होऊन तीन महिने होत आले. उशी चालू आहे.

त्याच आठवड्यात एका रात्री छातीत दुखायला लागलं, डाव्या खांद्यापर्यंत, आणि घाम. मी म्हटलं गॅस असेल. मालक म्हणाले गॅस असो की काही असो, आधी गाडीत बस. इसीजी झाला, रक्त तपासलं, हृदय ठीक निघालं. तिथल्या डॉक्टरांनी घरी पाठवताना मालकांना शाबासकी दिली, मला नाही. छातीतलं दुखणं जळजळीचं की हृदयाचं हे घरी बसून कळत नाही, उशीवर झोपून तर नाहीच. तसंच घास गिळताना अडकायला लागला, वजन आपोआप उतरायला लागलं, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर हे परीक्षण बंद करा आणि डॉक्टरकडं जा. लोहाच्या गोळीनंही काळं होतं, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

अर्धा गुण का कापला ते राहिलं. एक तर ही उशी कुठं नेता येत नाही. पुण्याला लेकाकडं चार दिवस गेले, रेल्वेत नेऊ काय? तिथं सोफ्याच्या गाद्या रचून बघितल्या, दोन रात्री खोकले. दुसरं, आपला पाऊस. जून ते सप्टेंबर बेळगावात कपडे वाळत नाहीत तर तीस इंचांचा फोम कुठून वाळणार? जुलैत खालच्या बाजूला कुबट वास आला. आता खाली चटई घालते आणि दिवसा उभी करून पंख्याखाली ठेवते. पुढच्या वेळी खालच्या थराला भोकं पाडून देतो असं मामा म्हणालेत. त्यांच्याकडं या उशीला आता "डंकवाल्या अक्कांची उशी" म्हणतात म्हणे, तीन-चार जणांनी करून नेल्यात. तुम्ही करायला गेलात तर माझं माप सांगू नका, स्वतःचं घ्या. माझी उंची पाच फूट एक इंच. उंच माणसाला तीसनं पुरणार नाही. आणि झोपूनच मोजून घ्या, बाजार असला तरी.

ती पहिली उशी अजून माळ्यावर आहे. मालक दुपारी पेपर वाचायला तिला टेकून बसायचे, त्यांनाही कंटाळा आला. बाळंतिणीला पाठीला टेकायला ती चांगली आहे. शहापूर, वडगाव, खासबाग भागातलं कुणी असेल तर डंकावर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. सातच्या सुमाराला आलात तर मी जेवत असेन, थांबावं लागेल.